हवा काढली, मग दगड धरला

मे महिन्यात भाच्याची जुनी फोर व्हील जीप घेऊन आम्ही शहाद्याहून तोरणमाळच्या बाजूला गेलो होतो. डांबरी रस्ता सोडून एका पाड्याकडे जाणारी वाट धरली आणि कोरडा नाला ओलांडून पलीकडे चढताना जीप अडली. चढ वीस-पंचवीस पावलांचाच, पण सगळा काळ्या दगडाचा. कुठे मांडीएवढे धोंडे, कुठे उघडा पडलेला सलग खडक. भाच्याने महिन्यापूर्वीच खोल नक्षीचे, मोठ्या ठोकळ्यांचे नवे टायर घातले होते. तरी चाकं जागच्या जागी फिरत होती आणि जळक्या रबराचा वास सुटला होता.

तेवढ्यात त्या वाटेने रोज माणसं ने-आण करणारा एक जीपवाला मागून आला. त्याने खाली उतरून एक काडी उचलली आणि आमच्या पुढच्या चाकाच्या व्हॉल्व्हची पिन दाबून धरली. हवा सुसाट बाहेर. "दादा, हवा काबर काढतस?" भाचा ओरडलाच. तो म्हणाला, "चढी जाई." चारही चाकं अर्धीमुर्धी बसली, तेव्हा त्याने खूण केली. भाच्याने फोर-एलचा, म्हणजे चारही चाकांना कमी वेगात जास्त जोर देणारा, पहिला गिअर टाकला आणि तीच जीप घोरपडीसारखी दगडाला धरून वर गेली.

वर पोचल्यावर भाच्याने जो प्रश्न विचारला, त्यासाठी हा लेख लिहायला बसलो. तो म्हणाला, "मामा, आम्हाला तर शिकवलं होतं की घर्षण क्षेत्रफळावर अवलंबून नसतं. वजन तेच, रबर तेच, दगड तोच. मग हवा काढल्याने काय बदललं?"

प्रश्न अगदी बरोबर आहे. घर्षणबल म्हणजे घर्षणांक गुणिले दाब देणारं वजन, त्यात क्षेत्रफळ कुठेच येत नाही. फ्रान्सच्या गिलोम आमोंतों यांनी १६९९ साली हा नियम मांडला आणि लाकूड, लोखंड, दगड यांना तो चांगला लागू पडतो. रबराला मात्र तो नीट लागू पडत नाही. का, ते एकदा कळलं की टायर निवडण्याचा निम्मा प्रश्न सुटतो.

आधी क्षेत्रफळाचा हिशेब पाहू. गाडी माणसांसकट १६०० किलोची धरली, तर एका चाकावर ४०० किलो. टायरमध्ये ३२ पीएसआय हवा म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सव्वादोन किलोचा दाब. ४०० ला सव्वादोनने भागलं की साधारण १७८ चौरस सेंटिमीटर येतात. म्हणजे आपल्या नेहमीच्या ए-फोर कागदाच्या पाव भागाहून थोडी जास्त जागा, तेवढ्यावर ते चाक उभं असतं. हवा १२ पीएसआयवर आणली की हीच जागा सुमारे ४७५ चौरस सेंटिमीटर होते, कागदाचा पाऊण भाग. टायरच्या भिंतीही थोडा भार उचलतात, त्यामुळे प्रत्यक्ष आकडे थोडे कमी येतील. पण फरक किती मोठा आहे ते दिसतं.

आता आमोंतोंचा नियम कडक वस्तूंना का लागतो ते पाहू. दोन लोखंडी पट्ट्या एकमेकींवर ठेवल्या तर त्या खऱ्या अर्थाने टेकतात फक्त उंचवट्यांच्या टोकांवर. केंब्रिजमध्ये बोडेन आणि टेबर या शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की वजन वाढेल तशी ही टोकं चेपतात आणि खरी टेकलेली जागा वजनाच्या प्रमाणात वाढते. वरवर दिसणारं क्षेत्रफळ कितीही असो, खरं क्षेत्रफळ वजनच ठरवतं. म्हणून ते सूत्रात दिसत नाही.

रबर चेपून तसंच राहत नाही, ते लवचीकपणे दबतं. एखाद्या गोल उंचवट्यावर रबर दाबलं तर वजन आठपट केल्यावर टेकलेली जागा आठपट होत नाही, चौपटच होते. आठाचं घनमूळ दोन, त्याचा वर्ग चार. आता आठ किलोचा भार एकाच उंचवट्यावर टाकला तर जागा चार भाग मिळेल. तोच भार आठ उंचवट्यांवर एकेक किलो वाटून दिला तर जागा आठ भाग मिळेल. वजन तेच, पण धरून ठेवणारी जागा दुप्पट. हवा काढल्यावर टायर नेमकं हेच करतो, भार अनेक उंचवट्यांवर वाटतो. खरा दगड या हिशेबाइतका सरळ नसतो, पण फायद्याची दिशा हीच.

ही झाली रबर दगडाला चिकटण्याची बाजू. दुसरी बाजू मला त्याहून सुंदर वाटते.

आपल्याकडे खापरावरचे मांडे करतात. ती कणीक हातावर सावकाश फिरवली तर पातळ होत कोपरापर्यंत पसरते, पण झटका दिला तर फाटते. कणीक तीच, तिला किती वेळ दिला यावर तिचं वागणं ठरतं. रबराचंही तसंच आहे. त्याचे रेणू म्हणजे एकमेकांत गुंतलेल्या लांबच लांब साखळ्या. चार्ल्स गुडइयर यांनी १८३९ साली शोधलेल्या प्रक्रियेने त्या साखळ्यांना गंधकाच्या गाठी मारलेल्या असतात, म्हणून ताणलेलं रबर मूळ आकारात परत येतं. पण परत येताना साखळ्यांना एकमेकींतून वाट काढावी लागते, त्याला वेळ लागतो.

कल्पना करा, दगडावर एक मिलिमीटरचा उंचवटा आहे आणि रबर त्यावरून किंचित घसरतंय. समोरच्या उतारावर रबर चढताना दाबलं जातं आणि उंचवट्याला जोरात रेटतं. माथा ओलांडला की मागच्या उतारावर त्याने पसरून तितक्याच जोराने दाबायला हवं होतं. पण साखळ्यांना उशीर होतो. रबर वेळेत भरून येत नाही, मागचा दाब कमी पडतो. पुढून जास्त रेटा, मागून कमी. या दोहोंतली तफावत म्हणजेच घसरण्याला होणारा विरोध. याला हिस्टेरेसिस म्हणतात. रबर उशीर करतं, म्हणून गाडी धरते. उड्या कमी मारणारा 'मेलेला' रबरी चेंडू हातात घेऊन पाहा. तो जमिनीवर आपटल्यावर जी ऊर्जा परत देत नाही, तशीच ऊर्जा टायरच्या रबरात जिरते तेव्हा पकड मिळते.

उशीर किती व्हावा याचंही गणित आहे. चाक सेकंदाला एक सेंटिमीटर घसरत असेल आणि उंचवटे एक मिलिमीटरचे असतील, तर रबराला सेकंदाला दहा ठोके बसतात. उंचवटे मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढे असतील तर हजार ठोके. खरा दगड म्हणजे मोठ्या उंचवट्यावर छोटा, त्यावर आणखी छोटा, अशी उतरंड असते, त्यामुळे रबराला एकाच वेळी वेगवेगळ्या तालांचे ठोके बसतात. ज्या तालाला साखळ्यांचा उशीर नेमका जुळतो, तिथे पकड सर्वांत जास्त. ताल फार संथ असेल तर रबराला सावरायला भरपूर वेळ मिळतो, उशीरच होत नाही. फार जलद असेल तर ते काचेसारखं कडक वागतं. तापमान वाढलं की साखळ्या चपळ होतात. म्हणून रबर तापवणं आणि वेग कमी करणं यांचा परिणाम सारखाच असतो. रबराच्या घर्षणाचे संशोधक ग्रॉश यांनी १९६३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत वेगवेगळ्या तापमानांची मोजमापं वेगाच्या पट्टीवर पुढेमागे सरकवली, तेव्हा ती सगळी एकाच वक्रावर येऊन बसली. खडबडीत पृष्ठभागावरच्या त्या वक्राला दोन चढ होते, एक चिकटण्याचा आणि एक हिस्टेरेसिसचा. पृष्ठभागावर त्यांनी मॅग्नेशियाची (मॅग्नेशियम ऑक्साइडची) पूड भुरभुरवली, तेव्हा चिकटण्याचा चढ नाहीसा झाला, हिस्टेरेसिसचा राहिला.

ही पूड वाचून मला आपली मे महिन्यातली धूळ आठवते. खानदेशात उन्हाळ्यात प्रत्येक दगडावर धुळीचा थर असतो. तो चिकटण्याची निम्मी बाजू मारतो. पावसाळ्यात पाण्याचा पातळ पडदा तेच करतो. मग हाती उरतो तो हिस्टेरेसिस, आणि त्यासाठी रबराने दगडाच्या खाचाखोचांत घुसायला हवं. कडक फुगवलेला टायर दोन-तीन टोकांवर उभा राहतो. अर्धी हवा काढलेला टायर धोंड्याला मिठी मारतो. दगडाची धार टायरच्या पोटात रुतते आणि चाकाला जणू पायरी मिळते.

दगडाचाही विचार करायला हवा. इंटरनेटवरचे बरेचसे सल्ले अमेरिकेतून येतात. तिथे युटा राज्यातलं मोआब खडकांवर गाड्या चढवण्याच्या खेळासाठी प्रसिद्ध आहे, आणि तिथला खडक वालुकाश्म. तो पॉलिश पेपरसारखा वाळूच्या कणांचा असतो. त्याला तिथे 'स्लिकरॉक', म्हणजे निसरडा खडक म्हणतात, कारण नाल मारलेले घोडे त्यावरून घसरत. लोखंडाला निसरडा असलेला तोच खडक रबराला मात्र घट्ट धरतो. वरचं सगळं गणित या एका नावात आलं.

आपला खडक बेसाल्ट. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे थर. धुळे-नंदुरबार पट्ट्यात तर त्या थरांच्या भेगांत घुसून थिजलेल्या लाव्हाच्या भिंती मैलोन् मैल गेलेल्या दिसतात. बेसाल्टचे कण इतके बारीक की नदीच्या पाण्याने घासलेला गोटा तळहाताला गुळगुळीत लागतो, आणि ताजा फुटलेला तुकडा सुरीसारखी धार देतो. शिवाय झिजताना तो कांद्याच्या पापुद्र्यासारखा सुटतो. चाक फिरत राहिलं की हे पापुद्रे निघतात आणि टायर स्वतःच्याच मुरमावर घसरतो. म्हणून आपल्याकडे टायर निवडताना मी तीन भीती समोर ठेवतो: घासलेला गोटा, धारदार कडा आणि सुटा मुरूम. मोआबमध्ये चालणारा टायर इथे तसाच चालेल असं नाही.

भाच्याचे ठोकळ्यांचे टायर दुकानात एम टी म्हणून मिळतात, म्हणजे चिखलासाठीचे. काळ्या जमिनीत पावसाळ्यात ते कामाचे. ठोकळ्यांमधल्या रुंद खाचा चिखल बाहेर फेकतात. पण कडक खडकावर त्या खाचा म्हणजे जिथे रबर नाही अशी जागा. ठोकळ्यांच्या कडा धोंड्याला अडकतात हे खरं, पण ती पकड तुटक असते. जो पाड्यावर जाणार आहे, शेतात जाणार आहे आणि आठवड्यातून चार वेळा डांबरी रस्त्यानेही जाणार आहे, त्याने ए टी, म्हणजे सगळ्या प्रकारच्या वाटांसाठीचे टायर घ्यावेत. मात्र ते कडक रबराचे नसावेत. दुकानात अंगठ्याचं नख रुतवून दोन टायरांची तुलना करा. ढोबळ परीक्षा आहे, पण फरक कळतो.

नक्षीपेक्षा भिंतीकडे लक्ष द्या. हवा काढल्यावर भिंत बाहेर फुगते आणि धारदार बेसाल्ट नेमका तिथेच कापतो. नक्षीत पंक्चर झालं तर प्लग मारता येतो, भिंत फाटली की टायर गेला. टायरवरच्या मजकुरात साइडवॉलचे थर किती आहेत हे छापलेलं असतं. दोनऐवजी तीन थर मिळत असतील तर चार पैसे जास्त द्यावेत.

आकाराचे आकडेही वाचायला शिकावेत. २४५/७५ आर १६ म्हणजे रुंदी २४५ मिलिमीटर, भिंतीची उंची त्याच्या ७५ टक्के, म्हणजे १८४ मिलिमीटर, आणि रिम १६ इंची. २५५/६५ आर १८ मध्ये भिंत १६६ मिलिमीटरच उरते. दोन्ही चाकांची एकूण उंची जवळजवळ सारखी, ७७४ आणि ७८९. म्हणजे मोठ्या रिमने दिखाऊपणा मिळतो आणि दबायला रबर कमी उरतं. खडकावर जायचं असेल तर लहान रिम, उंच भिंत. त्याहून उंच टायर घालण्याचा मोह आवरावा. चाकाचा व्यास ७६ मिलिमीटरने वाढवला तर डिफरन्शियल, म्हणजे दोन चाकांमधला गिअरचा गोळा, जमिनीपासून फक्त ३८ मिलिमीटर वर जातो, आणि त्याच इंजिनाचा जमिनीवरचा रेटा सुमारे नऊ टक्क्यांनी घटतो. खडकावर सावकाश रांगताना हा तोटा जाणवतो.

टायरचं वय पाहायला विसरू नका. भिंतीवरच्या लंबगोलात चार आकडे असतात; २३२४ म्हणजे २०२४ सालचा २३ वा आठवडा. आपल्या उन्हात रबर कडक होतं, आणि कडक झालेल्या रबराची नक्षी शाबूत दिसली तरी ते दगडाला धरत नाही. नक्षी झिजून गोटा झालेल्या टायरला रिमोल्ड करून, म्हणजे वर नवी नक्षी चढवून, कमी हवेवर दगडात घालणं तर मला धोक्याचं वाटतं.

नायट्रोजन भरला की पकड वाढते, टायर तापत नाही, असं पंपावर सांगतात. आपण श्वास घेतो त्या हवेतच ७८ टक्के नायट्रोजन आहे. तापल्यावर नायट्रोजनही हवेइतकाच प्रसरण पावतो. कोरडी, मोजून भरलेली साधी हवा पुरते. तसंच नवीन टायर घातल्यावर चाकाखाली लिंबू चिरडण्याची पद्धत. ज्यांना समाधान मिळतं त्यांनी लिंबू ठेवावं, पण अपघात टळतो तो हवेचा दाब पाहिल्याने. प्रेशर गेज फार महाग नसतो आणि तो गाडीत असायलाच हवा.

हवा किती काढावी? साध्या रिमवर १२ ते १५ पीएसआयच्या खाली मी जाऊ देणार नाही. टायरची तारेची कडा रिमला हवेच्या दाबानेच धरून असते. फार कमी हवेत वळताना ती रिमवरून निसटते. ती कडा नटबोल्टने आवळणारे बीडलॉक रिम असतात, त्यांच्यावर १० च्याही खाली जाता येतं, पण ते खेळासाठी. आणि गाडी आधीच्या वाटेवरूनच न्यावी. यावल अभयारण्य असो की नाल्याचं पात्र, नवी वाट पाडायला तिथे जाऊ नये.

परतताना आम्ही पुन्हा डांबरी रस्त्याला लागलो तेव्हा भाचा म्हणाला, शहाद्याला जाऊनच हवा भरू. मी त्याला दोन किलोमीटर हळू चालवू दिली, मग थांबवलं आणि टायरच्या भिंतीला हात लावायला सांगितला. त्याने हात लगेच मागे घेतला. कमी हवेचा टायर प्रत्येक फेऱ्यात जास्त वाकतो, सरळ होतो, पुन्हा वाकतो, आणि साखळ्यांच्या त्याच उशिरात दर वेळी थोडी ऊर्जा जिरून उष्णता होते. वर दगडाला धरणारा हिस्टेरेसिस खाली रस्त्यावर वेग वाढला की टायर आतून भाजतो. रस्त्याच्या कडेला छोटा कंप्रेसर बॅटरीला लावून आम्ही चारही चाकं ३२ पीएसआयवर आणली. पाऊण तास लागला.