कोवळं गवत दिसेल तिथे अस्वल

अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात काळ्या अस्वलाच्या शिकारीचा वसंत हंगाम एप्रिलच्या मध्यात उघडतो. डोंगर अफाट, जंगल दाट. तरी जाणते शिकारी जंगल तुडवत बसत नाहीत. कोवळं गवत कुठे उगवलंय हे आधी पाहतात.

पाच-सहा महिने गुहेत अस्वल काहीच खात-पीत नाही. बाहेर आल्यावरही दोन-तीन आठवडे त्याची भूक मंदच असते. गाईसारखं चार कप्प्यांचं पोट नसल्याने जून, चिवट गवत त्याला पचत नाही. कोवळ्या कोंबांत मात्र प्रथिनं जास्त आणि तंतू कमी. म्हणून बर्फ आधी वितळेल तिथे ते येतं: दक्षिणेकडे तोंड असलेले उतार, हिमस्खलनाने झाडं साफ झालेले पट्टे, लाकूडतोडीचे बंद पडलेले रस्ते. मे महिन्यात हिरवाई वर सरकते, अस्वलंही सरकतात. एप्रिलमध्ये लाभलेल्या जागेवर जूनपर्यंत चिकटून राहिलं की हात रिकामे राहतात. ताजी, हिरवी, गवताने भरलेली विष्ठा दिसली तर अस्वल सध्या तिथे येतंय असं समजावं.

बसायचं ते समोरच्या डोंगरावर. १०x४२ ची (दहापट मोठं दाखवणारी) दुर्बीण ट्रायपॉडवर लावून उतार पट्ट्यापट्ट्याने न्याहाळावा, आणि पुन्हा न्याहाळावा. झुडपाआडचं अस्वल पहिल्या फेरीत सहसा निसटतं. संध्याकाळची वेळ सर्वांत चांगली. जवळ जाताना खरी अडचण वाऱ्याची. उन्हात हवा उतारावरून वर चढते, ऊन कललं की खाली उतरते. त्या वेळी वरून येणाऱ्या माणसाचा वास थेट अस्वलापर्यंत पोहोचतो.

सगळ्यात जास्त वेळ मात्र ओळख पटवण्यात जायला हवा, आणि इथे घाई अक्षम्य आहे. रंगावर भरवसा नको: काळी अस्वलं तपकिरी, दालचिनी रंगाचीही असतात. खांद्यावर उंचवटा, खोलगट चेहरा आणि लांब नख्या असतील तर ते काळं अस्वल नव्हे, ग्रिझली, म्हणजे तपकिरी अस्वलाची वेगळी जात. म्हणूनच मोंटानात परवान्याआधी अस्वल ओळखण्याची परीक्षा द्यावी लागते. पिल्लं असलेल्या मादीला मारायला बंदी आहे, पण मादी चरत असताना पिल्लं झाडावर चढवून ठेवलेली असू शकतात. एकटं दिसणारं अस्वल एकटंच असेल असं नाही. नर गुहेतून सर्वांत आधी निघतात, नवजात पिल्लं असलेल्या माद्या सर्वांत शेवटी. त्यामुळे हंगामाच्या सुरुवातीला हा धोका कमी, पुढे वाढत जातो. शंका राहिली तर बंदूक खांद्याला लावायचीच नाही.