जग विसरलं की नायक? टाइम लूप आणि स्मृतिभ्रंश यांतला फरक

(खाली काही गेमचे महत्त्वाचे उलगडे आहेत. 'आउटर वाइल्ड्स' खेळायचा राहिला असेल, तर शेवटचे दोन परिच्छेद सोडा.)

क्लॉक टाउनच्या सराईत अंजू काउंटरमागे उभी असते. मागच्या फेरीत गेमचा नायक लिंकने तिचा हरवलेला नवरदेव परत मिळवून दिलेला असतो, तरी ती त्याच्याकडे परक्या मुलाकडे बघावं तशी बघते. काकारिको गावात इम्पा नावाची म्हातारी लिंकला पाहताच ओळखते, आणि इथे लिंकच तिच्याकडे परक्यासारखा बघत राहतो. पहिला प्रसंग 'मजोराज मास्क'मधला (२०००), दुसरा 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड'मधला (२०१७). मालिका एकच, 'द लेजंड ऑफ झेल्डा', आणि नायकाचं नावही एकच. म्हणूनच दोन्ही गेमना सरसकट 'आठवणी पुसल्या जाणारे गेम' म्हटलं जातं. ते चूक आहे.

अंजू काहीही विसरलेली नाही. विसरायला आधी काहीतरी घडून जावं लागतं आणि तिच्या हिशेबाने अजून पहिल्याच दिवसाची सकाळ आहे. लिंकच्या बाबतीत मात्र सगळं खरोखर घडून गेलंय, फक्त त्याच्या डोक्यातून गेलंय. फरक ओळखायचा असेल तर माणसांच्या चेहऱ्याकडे बघू नका, वस्तूंकडे बघा. मोडलेली वस्तू पुन्हा धड झाली असेल तर तो टाइम लूप, म्हणजे तोच काळ पुन्हा पहिल्यापासून सुरू होणं. मोडलेली तशीच पडून असेल, पण कोणी मोडली हे नायकाला सांगता येत नसेल, तर तो स्मृतिभ्रंश.

'मजोराज मास्क'मध्ये चंद्र कोसळायला ७२ तास उरलेले असतात. मूळ निन्टेन्डो ६४ या कन्सोलवर गेममधला एक तास म्हणजे खरी ४५ सेकंदं, म्हणजे अख्खी फेरी ५४ मिनिटांची. ऑकारिना या फुंकवाद्यावर 'साँग ऑफ टाइम' वाजवलं की लिंक पहिल्या दिवसाच्या सकाळी सहाला परत येतो. तो स्वतः येतो, अंगावरच्या ठरावीक वस्तूंसकट. मुखवटे, शिकलेली गाणी, धनुष्य, बॉसचे (मंदिरातल्या मुख्य राक्षसांचे) अवशेष, हृदयाचे तुकडे हे सगळं टिकतं. खिशातले रुपी, बाण, बाँब आणि बाटलीत भरलेलं जे काही असेल ते जातं.

पैसे वाचवायचे तर गाणं वाजवण्याआधी पश्चिम क्लॉक टाउनमधल्या बँकेत भरायचे. जग मागे गेलं तरी ठेव शाबूत कशी राहते? बँकवाला खात्याची नोंद वहीत करत नाही, लिंकच्या अंगावर शिक्का मारतो. वही पहिल्या दिवशी कोरी झाली असती, पण अंग लिंकसोबत मागे येतं. लूपचं सगळं गणित या एका शिक्क्यात आहे: प्रवाशासोबत जे मागे येतं तेवढंच खरं.

तलवारीचा घोळ याच नियमातून होतो. डोंगरातल्या लोहाराला १०० रुपी दिले की तो एका दिवसात रेझर तलवार करून देतो. ती १०० वारांनंतर बोथट होऊन जुनी तलवार हाती येते, आणि फेरी बदलली तर त्याआधीच जाते. कायमची हवी असेल तर तीच तलवार सोन्याच्या पुडीसह पुन्हा लोहाराला द्यावी लागते आणि आणखी एक दिवस थांबावं लागतं. पूड गोरोन जमातीच्या शर्यतीत मिळते, शर्यत स्नोहेड डोंगरावरच्या मंदिरातला बॉस हरवून बर्फ वितळल्यावरच सुरू होते, आणि फेरी बदलली की पुन्हा हिवाळा. म्हणून क्रम असा: पहिल्या दिवशी सकाळीच स्नोहेडला जा. बॉसचे अवशेष आधीच मिळालेले असतील तर मंदिराच्या दारातूनच थेट त्याच्यापर्यंत पोचता येतं. तो हरला की लगेच तलवार लोहाराकडे टाका, मग शर्यत. दुसऱ्या दिवशी रेझर तलवार आणि पूड द्या, तिसऱ्या दिवशी सोनेरी तलवार घ्या. दुसऱ्या दिवसावर ढकललंत तर वेळ पुरत नाही.

आणखी एक खाच कळायला अवघड आहे, पण गेमचा जीव तिच्यातच आहे. पहिल्या रात्री साकोन नावाचा चोर बाँबच्या दुकानातल्या आजीची पिशवी पळवतो. तुम्ही त्याला अडवलंत तर त्या फेरीत अंजू आणि तिचा नवरदेव काफेई यांची गोष्ट पुरी होत नाही. साकोन चोरीचा माल विकायला येतो तेव्हाच काफेई त्याच्या मागावर लागतो. मालच नसेल तर चोर येणार नाही. आजीला वाचवायचं असेल तर ते वेगळ्या फेरीत करा. वस्तू, माणसं, कारणं सगळी शून्यावर येत असल्यामुळेच अशी निवड करायला लावता येते.

आता 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड'. जखमी लिंकला पुनरुज्जीवनाच्या कक्षात ठेवलं जातं, तो शंभर वर्षांनी उठतो. मधल्या काळात हायरूल हे राज्य उजाड झालंय आणि त्याचे अवशेष जागोजागी पडलेत. झोरा ही पाण्यात राहणारी जमात दीर्घायुषी, त्यामुळे त्यांच्यातल्या म्हाताऱ्यांना तो लख्ख आठवतो आणि त्यांची राजकन्या मिफा हिच्या मृत्यूचा राग अजून आहे. मिफाने आपल्या भावी जोडीदारासाठी स्वतःच्या हाताने केलेलं चिलखत राजा डोरेफान लिंकला देतो, आणि ते अंगाला अचूक बसतं. शकुंतलेच्या अंगठीचं काम इथे चिलखत करतं. लूपमध्ये अशी वस्तू असूच शकत नाही.

आठवणी परत मिळवायची रीतही यातूनच येते. हातेनोच्या प्रयोगशाळेत पुरा या शास्त्रज्ञाकडून शीका स्लेट (लिंकजवळची जादुई पाटी) दुरुस्त करून घ्या आणि इम्पाकडे परत या. स्लेटमधली १२ छायाचित्रं जिथे काढली त्या जागा शोधा, तिथे जमिनीवर प्रकाश दिसतो. जागा सापडेना तर पिकांगो या चित्रकाराला छायाचित्र दाखवा. सगळ्या बारा झाल्यावर इम्पा घरातलं एक चित्र दाखवते, ती तेरावी जागा. कोणत्याही क्रमाने गेलात तरी चालतं, कारण घटना ठरलेल्या आहेत, फक्त त्यांच्यापर्यंत पोचायचंय.

इथे रक्तचंद्रामुळे गल्लत होते. अधूनमधून मध्यरात्री लाल चंद्र उगवतो, मारलेले राक्षस जिवंत होतात, आणि लूप आहे की काय असं वाटतं. पण उघडलेल्या पेट्या उघड्याच राहतात, माणसांना केलेलं काम आठवतं. राक्षस परत आले, काळ नाही.

याहून फसवा गेम 'प्लेनस्केप: टॉर्मेंट' (१९९९). त्यातला निनावी नायक मेला तरी पुन्हा उठतो आणि आजवर अनेकदा आठवणी गमावून उठलाय. मरण, जाग, कोरी पाटी: वरवर पाहता लूपच. पण शवागारात जाग येते तेव्हा त्याच्या पाठीवर त्यानेच गोंदवून घेतलेल्या सूचना असतात, आणि आधीच्या जन्मांत त्याने ज्यांचं वाटोळं केलं ती माणसं बाहेर आहेतच. लिंकच्या अंगावरचा शिक्का जगाला नोंद ठेवता येत नाही म्हणून आहे. ही गोंदणं त्या माणसालाच काही लक्षात ठेवता येत नाही म्हणून आहेत.

'आउटर वाइल्ड्स' (२०१९) या दोन्हींत बसत नाही. दर २२ मिनिटांनी सूर्याचा स्फोट होतो आणि तुम्ही टिंबर हार्थ या आपल्या ग्रहावर शेकोटीजवळ जागे होता. पण शरीर मागे गेलेलं नसतं, गेलेली असते फक्त आठवण. नोमाई या पुरातन परग्रहवासी लोकांनी अ‍ॅश ट्विन ग्रहाच्या पोटात यंत्र बसवलंय. स्फोटाची ऊर्जा वापरून ते मुखवट्यांत साठलेल्या आठवणी २२ मिनिटं मागे पाठवतं. म्हणून अंगावरचं काहीच टिकत नाही, टिकते फक्त माहिती, आणि यानातली नोंदवही त्यामुळेच भरत जाते. दुसऱ्या मुखवट्याशी गॅब्रो हा दुसरा अंतराळवीर जोडलेला आहे, म्हणून जायंट्स डीप या ग्रहावर तो भेटला की त्यालाही मागची फेरी आठवत असते.

मुखवट्याशी जोडणी होते संग्रहालयातल्या पुतळ्याचे डोळे उघडतात त्या क्षणी, उड्डाणाचा कोड घेऊन तुम्ही बाहेर पडत असताना. त्याआधी गावातच मेलात तर गेम तिथेच संपतो, कारण मागे पाठवायला मुखवट्यात काही साठलेलंच नसतं. यंत्राला चालवणारा वार्प कोअर काढून घेतल्यावर मेलात तरी तेच होतं.