"लाइट जोरात आली, आयसी जळाली"? आधी मल्टिमीटर लावा

जळगाव-भुसावळकडे जुना टीव्ही-गेम बंद पडला की निदान ठरलेलंच: लाइट जोरात आली, आयसी (आतली चिप) जळाली, द्या भंगारात. बहुतेक वेळा हे खरं नसतं.

घरातले 230 व्होल्ट गेमच्या आतल्या सर्किट बोर्डापर्यंत जातच नाहीत. झटका आधी अडॅप्टर खातो. निन्टेन्डोच्या 1983च्या फॅमिकॉम या टीव्ही-गेमला अडॅप्टर 10 व्होल्ट डीसी देतो, आतला तीन पायांचा 7805 रेग्युलेटर त्याचे 5 करतो. आयसीला तेवढेच मिळतात.

खरा घोळ घालतो तो ड्रॉवरमधला 'बसतोय ना, मग लाव' अडॅप्टर. फॅमिकॉमच्या पिनला मध्ये मायनस असतो, आजच्या बहुतेक अडॅप्टरना प्लस. उलटं लागलं की पहिला मार सहसा रेग्युलेटर आणि कपॅसिटरला (वीज साठवणारा छोटा भाग).

मल्टिमीटर (व्होल्ट मोजायचं यंत्र) डीसी व्होल्टवर ठेवा. काळा प्रोब 7805च्या मधल्या पायावर, लाल उजव्यावर (छापील बाजू आपल्याकडे). आत येणारे व्होल्ट ठीक असून इथे शून्य आलं, तर बहुधा रेग्युलेटर गेला. तो अगदी स्वस्तात मिळतो. पाचच आले तर दोष पुढे शोधा. नऊ-दहा दिसले तर लगेच बंद करा: तेव्हा मात्र आयसी खरोखर गेलेली असू शकते, आणि फॅमिकॉमच्या नकली गेममधल्या काळ्या राळेच्या थेंबाखालची चिप तर बदलताही येत नाही.