सवलतीपासून सिरिंजपर्यंत: दृष्टिहीन मुलांच्या विज्ञानशिक्षणाची पार्श्वभूमी

अमृतसरला १८८७ मध्ये आणि मुंबईत १९०० मध्ये अंधांसाठी शाळा निघाल्या. अशा शाळांचा भर दीर्घकाळ वाचन, संगीत आणि वेतकामावर राहिला. भारतीय भाषांसाठीची सामाईक ब्रेल लिपी, म्हणजे भारती ब्रेल, १९५१ मध्ये आली, गणिताच्या चिन्हांसाठी अमेरिकेत १९५२ मध्ये नेमेथ संकेत निघाला. अक्षरांची अडचण सुटत गेली. विज्ञानाचा निम्मा धडा मात्र आकृत्या आणि डोळ्यांनी घ्यायची मापे यांचा असतो.

१९७४ च्या केंद्रीय एकात्मिक शिक्षण योजनेने दृष्टिहीन मुले नेहमीच्या वर्गात येऊ लागली, पण प्रयोगशाळेच्या दारात त्यांना ‘सवलत’ मिळाली: प्रात्यक्षिकाऐवजी लेखी प्रश्न. हेतू चांगला असेल, पण या सवलतीनेच अनेकांची अकरावी सायन्सची वाट अडवली.

अमेरिकेतल्या बर्कलीच्या लॉरेन्स हॉल ऑफ सायन्स या विज्ञानकेंद्रात १९७६ पासून चाललेल्या ‘सावी’ या दृष्टिहीन मुलांसाठीच्या विज्ञान प्रकल्पाने वेगळा विचार केला. पाठ तोच ठेवून साधने बदलली. त्यातली खाचांची सिरिंज कुठल्याही शाळेत करता येते. १० मिलीच्या सिरिंजचा दट्ट्या २ मिलीपर्यंत ओढा, नळीच्या काठाशी दांड्यावर खाच पाडा. मग ४, ६, ८ वर. नखाला खाच लागली की माप झाले. चूक होते ती बुडबुड्याने: टोक वर धरून हवा काढली नाही, तर द्रव कमी भरतो.

लिटमसचा रंग दिसत नसेल तर वास आहे. एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकात कांदा, व्हॅनिला आणि लवंगतेल हे गंधदर्शक, म्हणजे आम्ल की आम्लारी हे वासाने सांगणारे पदार्थ, सर्वच मुलांसाठी दिले आहेत. आम्लात व्हॅनिलाचा वास टिकतो, सोडियम हायड्रॉक्साइड या आम्लारीत जातो, कारण वास देणाऱ्या व्हॅनिलिनचे आयन (विद्युतभारित कण) होतात आणि ते हवेत उडत नाहीत. अमोनिया मात्र वापरू नये. त्याचाच उग्र वास सगळे झाकतो. सलग हुंगल्यानेही नाक बधिरते, म्हणून मध्ये थांबावे.

२०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने अभ्यासक्रमात आणि परीक्षेत योग्य बदल करण्याची जबाबदारी शासनावर टाकली. तरी आकृत्यांत जुनीच चूक होते: छापील चित्रावर जशीच्या तशी सुतळी चिकटवली जाते. ब्रेलचे शेजारचे ठिपके सुमारे २.५ मिमी अंतरावर असतात. रेषा त्याहून जवळ आल्या की बोटाला एकच वाटतात. म्हणून हृदयाची आकृती तीन पानांवर काढावी: आधी बाह्यरेषा आणि कप्पे, मग झडपा, शेवटी रक्ताचा मार्ग.