स्टिअरिंग जड झाले? पंप बदलण्याआधी हे वाचा
जुन्या व्हॅनच्या मालकांसाठी माहितीपत्रक

जुनी व्हॅन घेऊन आमच्या गॅरेजमध्ये येणारे बरेच ग्राहक खाली उतरता उतरताच सांगतात, "पॉवर स्टिअरिंगचा पंप गेलाय, नवीन टाका." कधी पंप खरोखरच गेलेला असतो. पण टायरमधली कमी हवा, सैल पट्टा, ऑइलच्या टाकीतली तुंबलेली जाळी, कॉलमचा (स्टिअरिंगपासून खाली जाणाऱ्या दांड्याचा) गंजलेला जॉइंट, यांतल्या कशानेही स्टिअरिंग जड होते, आणि पंप हा या सगळ्यांत महागडा भाग. म्हणून फुकटात तपासता येते ते आधी तपासायचे आणि मगच पाना हातात घ्यायचा, असा आमचा क्रम आहे. यातले बरेचसे तुम्हालाही जमेल.

ऑइल जाते कुठे?

इंजिनच्या पट्ट्यावर फिरणारा पंप टाकीतले ऑइल ओढतो आणि दाबाने स्टिअरिंग रॅककडे, म्हणजे चाके वळवणाऱ्या आडव्या यंत्रणेकडे पाठवतो. काही जुन्या व्हॅनना रॅकऐवजी तेच काम करणारा दातांचा स्टिअरिंग बॉक्स असतो. तुम्ही ज्या बाजूला स्टिअरिंग वळवाल त्या बाजूला व्हॉल्व्ह ऑइल सोडतो, त्या दाबाने चाके वळायला मदत होते आणि ऑइल परत टाकीत येते. या फेऱ्यात ऑइल खर्च होत नाही. पातळी उतरली असेल तर ते कुठून तरी गळते आहे, एवढे पक्के समजा. दर काही दिवसांनी थोडे थोडे ऑइल ओतत राहिल्याने गळती थांबत नाही, आणि एखाद्या दिवशी ओतायचे राहिले की पंप कोरडा फिरून खरोखरच जातो.

नेमके कधी जड होते?

गाडी आणताना आम्हाला सगळ्यात जास्त उपयोग या माहितीचा होतो. गाडी उभी असताना किंवा अगदी हळू चालताना जड, पण जरा रेस दिली की हलके होत असेल, तर पट्टा घसरतोय किंवा पंप दमलाय. पावसात किंवा साचलेल्या पाण्यातून गाडी काढल्यावरच जड होऊन किंचाळल्यासारखा आवाज येत असेल, तर आधी पट्टा बघा. त्याच्या कडा काचेसारख्या चकचकीत झाल्या असतील तर नुसता ताणून फायदा नाही, बदलावाच लागतो.

एका बाजूला हलके आणि दुसऱ्या बाजूला जड असेल तर पंपाला दोष देऊ नका. पंप दोन्ही बाजूंना तोच दाब देतो. बिघाड रॅकच्या किंवा बॉक्सच्या आतल्या सीलमध्ये (ऑइल अडवणाऱ्या रबरी कडीत), नाहीतर व्हॉल्व्हमध्ये असतो. नवा पंप टाकूनही हा दोष जसाच्या तसा राहतो.

वळण घेतल्यावर स्टिअरिंग आपोआप सरळ होत नसेल, हाताने परत आणावे लागत असेल, तर शंका ऑइलवर नाही, सांध्यांवर घ्यावी. चाक ज्यांवर वळते ते बॉल जॉइंट किंवा किंग पिन, सस्पेन्शनच्या वरचे बेअरिंग, आणि जुन्या गाडीत हमखास दुर्लक्षित राहणारा कॉलमच्या खालच्या टोकाचा युनिव्हर्सल जॉइंट. हा जॉइंट पाणी आणि चिखल खाऊन आखडतो. तेव्हा स्टिअरिंग एकसारखे जड न लागता फिरवताना ठरावीक जागी अडखळते, पुन्हा सुटते.

स्टिअरिंग बॉक्सच्या गाड्यांत आणखी एक भानगड असते. बॉक्सवर प्ले, म्हणजे स्टिअरिंगचा सैलपणा, कमी करायचा स्क्रू असतो. स्टिअरिंग सैल वाटते म्हणून कोणी तो गरजेपेक्षा जास्त आवळला की सैलपणा जातो, पण स्टिअरिंग मधोमध आखडते आणि आतले दात झिजतात. असा आवळलेला बॉक्स दिसला तर आम्ही आधी टाय रॉड एंड (चाकांना वळवणाऱ्या दांड्यांच्या टोकांचे सांधे) तपासतो, कारण मूळचा सैलपणा बऱ्याचदा तिथलाच असतो.

जॅकची चाचणी

सपाट जागी मागच्या चाकांना अडणी लावा, पुढची दोन्ही चाके उचला आणि गाडी स्टँडवर टेकवा. नुसत्या जॅकवर ठेवून कधीही काम करू नका. चावी फिरवून स्टिअरिंगचे लॉक सोडवा, पण इंजिन सुरू करू नका. आता स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवा. एकसारखे आणि बऱ्यापैकी मोकळे फिरले तर सांधे ठीक आहेत, पुढचा शोध पट्टा, ऑइल आणि पंपाकडे. इथेही आखडले, तर पंप तूर्त विसरा. या एका चाचणीने कितीतरी अनावश्यक खर्च वाचतो.

टाकीचे झाकण उघडून बघा

ऑइल स्वच्छ कापडाच्या टोकावर घ्या. लाल किंवा हिरवे आणि पारदर्शक असेल तर छान. काळपट आणि जळका वास असेल तर ते बदलायला झाले आहे. कापडावर चांदीसारखी बारीक चमक दिसली तर पंप आतून झिजतोय. टाकीत फेस असेल तर पंप हवा ओढतोय, आणि त्याचे कारण बहुधा टाकी आणि पंप यांच्यामधला रबरी पाइप किंवा त्याचा क्लॅम्प असते. या पाइपमध्ये दाब नसतो, त्यामुळे तो बाहेर ऑइल न सांडताही आत हवा घेऊ शकतो. टाकी भरलेली, खाली थेंबही नाही, तरी पंप कण्हतोय, असे असेल तर हा पाइप आधी तपासावा.

काही टाक्यांच्या तळाशी गाळणीची जाळी असते. वर्षानुवर्षांचा गाळ तिथे साचला की पंपाला पुरेसे ऑइल मिळत नाही आणि तो घरघरतो. अशा गाडीत जाळी साफ न करता नवा पंप बसवला तर तोही त्याच वाटेने जातो. म्हणून पंप बदलताना टाकी साफ करणे किंवा बदलणे आणि जुने ऑइल पूर्ण काढणे आम्ही त्याच कामाचा भाग धरतो.

ऑइल कोणते टाकायचे ते गाडीच्या पुस्तिकेत किंवा झाकणावर दिलेले असते. लाल आणि हिरवे एकमेकांत मिसळू नका. ब्रेक ऑइल तर चुकूनही टाकू नका, त्याने सगळी सील फुगून खराब होतात.

गळती शोधताना

इंजिन चालू असताना दाबाच्या पाइपवरून हात फिरवून गळती शोधू नका. स्टिअरिंग पूर्ण वळवलेले असताना तिथे 80 बार (बार हे दाब मोजायचे एकक) किंवा त्याहूनही जास्त दाब असतो, टायरमध्ये जेमतेम 2 ते 4 बार. सुईएवढ्या छिद्रातून उडणारे ऑइल कातडीत घुसू शकते, आणि तशी जखम बाहेरून किरकोळ दिसली तरी लगेच दवाखाना गाठावा लागतो. पुठ्ठा धरून बघा, नाहीतर इंजिन बंद करून पुसा आणि थोडे चालवून पुन्हा पाहा. ऑइल गरम सायलेन्सरवर पडत असेल तर पेट घेण्याचा धोका असतो, तशी गाडी चालवू नका.

रॅकच्या दोन्ही टोकांना घड्यांचे रबरी बूट असतात. इंजिन बंद ठेवून ते खालच्या बाजूने दाबून बघा. आत ऑइल डुचमळत असेल तर रॅकचे सील गेले आहे. गळती थांबवणारी रसायने सील थोडी फुगवतात, काही काळ थेंब थांबतातही. फाटलेला पाइप किंवा झिजलेला शाफ्ट त्यांनी बरा होत नाही. आम्ही ती वापरत नाही.

हवा काढणे

काम संपल्यावर घाई केली तर सगळे बिघडते ते इथे. चाके उचललेली, इंजिन बंद, टाकी भरलेली, असे ठेवून स्टिअरिंग सावकाश 15 ते 20 वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायचे आणि पातळी उतरेल तसे ऑइल घालत जायचे. मग इंजिन सुरू करून तेच पुन्हा. फेस दिसला तर इंजिन बंद करून अर्धा तास गाडी तशीच राहू द्यायची, बुडबुडे आपोआप वर येतात. स्टिअरिंग टोकाला दाबून 5 सेकंदांपेक्षा जास्त धरू नका. रोज गाडी लावतानाही हे पाळा, कारण टोकाला धरून ठेवले की ऑइल झपाट्याने तापते.

रस्त्यात अचानक जड झाले तर

स्टिअरिंग तुटलेले नसते, फक्त मदत गेलेली असते. जोर लावून वळते. वेग कमी करा, बाजूला घ्या, आणि गाडी चालत असताना चावी बंद करू नका, स्टिअरिंग लॉक होऊ शकते. बॅटरीचा दिवाही लागला असेल तर पट्टा तुटला असण्याची शक्यता मोठी. बऱ्याच गाड्यांत त्याच पट्ट्यावर पाण्याचा पंपही असतो, तेव्हा पुढे दामटू नका, इंजिन तापेल.

गाडी आणताना ऑइल नव्याने भरू नका आणि इंजिन धुऊन आणू नका, गळतीची खूण पुसली जाते. रात्री गाडीखाली पुठ्ठा अंथरा आणि डाग पडलेला तो पुठ्ठा सोबत घेऊन या. गाडीचे पुढचे चाक पुठ्ठ्याच्या कुठल्या बाजूला होते, तेवढे त्यावर लिहा.