किल्लारी : कर्जाचा पैसा, माळवद आणि आरपार दगड

किल्लारीचा भूकंप 30 सप्टेंबर 1993 रोजी पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी झाला. अनंत चतुर्दशीचं विसर्जन आटोपून लोक नुकते झोपले होते. तीव्रता 6.2, म्हणजे जगाच्या हिशेबात मध्यमच. तरी सरकारी आकडा 7,928 मृतांचा.

माणसं इतकी का गेली, हे भिंतीत पाहिलं की कळतं. लातूर-उस्मानाबादकडची माळवदाची, म्हणजे मातीच्या सपाट छपराची, घरं लाकडी खांबांवर उभी असत आणि भोवती दोन ते अडीच फूट जाड दगडी भिंत. वरून ती एकसंध दिसते, पण असते दोन पदरांची : आतला चिरा वेगळा, बाहेरचा वेगळा, मधे चुरी आणि माती. दोन्ही पदरांना बांधणारा आरपार दगड बहुधा नसे. हादरा बसला की पदर सुटतात, भिंतीचं पोट फुगतं आणि ती झोपलेल्यांवर ढासळते. त्यात गळती थांबवायला माळवदावर दर काही वर्षांनी मातीचा नवा थर चढे. एक-दोन फूट मातीचं ओझं सहज जमे.

पुनर्वसनासाठी जागतिक बँकेच्या आंतरराष्ट्रीय विकास संघटनेने 1994 मध्ये 24.6 कोटी डॉलर दिले. हे दान नव्हतं, सवलतीचं कर्ज होतं. अनेकांच्या बोलण्यात आजही ते ‘परदेशी मदत’ म्हणूनच येतं. संस्था, कंपन्या आणि इतर देणगीदारांनी गावं दत्तक घेतली, ती गोष्ट वेगळी.

पूर्ण उद्ध्वस्त झालेली 52 गावं नव्या जागी हलवली. घराचा आकार जमिनीवरून ठरला : भूमिहीन आणि अल्पभूधारकांना 250 चौरस फूट, मधल्यांना 400, मोठ्या शेतकऱ्यांना 750. नव्या आखणीत सरळ रुंद रस्ते आले आणि गावठाण जुन्याच्या कितीतरी पट पसरलं. गुरं कुठे बांधायची, कडबा कुठे रचायचा, याचा विचार मात्र कमी पडला. भाऊबंद एका गल्लीतून चार टोकांना गेले.

खरं मोठं काम दुसरीकडे होतं. 13 जिल्ह्यांतल्या सुमारे 2 लाख घरांची दुरुस्ती आणि मजबुतीकरण करायचं होतं. नुकसानीप्रमाणे 17 किंवा 34 हजार रुपये मिळत आणि काम घरमालकाने स्वतः करून घ्यायचं. पद्धत स्वस्त होती. माळवदावरची जादा माती उतरवायची. भिंतीतला एकेक दगड हलक्या हाताने, पहारीचे घाव न घालता, काढून सुमारे 75 मिलिमीटरचं आरपार भोक करायचं, दोन्ही तोंडांशी थोडं रुंद. त्यात दोन्ही टोकांना आकडा वळवलेली सळई ठेवून काँक्रीट भरायचं आणि त्यावर पाणी मारत राहायचं. अशी भोकं साधारण चौरस मीटरला एक, एकाखाली एक न येता. कोपऱ्यांना जाळी आणि सिमेंटचा गिलावा.

घोडं अडलं ते दगडाच्या धास्तीपाशी. ज्या भिंतीने माणसं मारली तिच्यात पैसा कोण घालणार? अनेकांनी अनुदानातून शेजारी विटा-सिमेंटची एक खोली बांधली आणि जुनं घर होतं तसं ठेवलं. गवंड्यांनाही भिंत पाडून नवी बांधणं सोयीचं वाटे. सरकारी यंत्रणा आणि गाव यांच्यात दुवा म्हणून नेमलेल्या संवाद सहाय्यक महिला घरोघर फिरल्या, तेव्हा कुठे हप्ता, सिमेंट आणि तंत्र यांची सांगड बसू लागली.

2001 च्या कच्छ भूकंपानंतर लातूर-उस्मानाबादच्या काही महिला आपला अनुभव सांगायला तिकडे गेल्या. गुजरातने घरबांधणीची रक्कम मालकांच्या हाती 40, 40 आणि 20 टक्के अशा तीन हप्त्यांत दिली. अभियंत्याने त्या टप्प्याचं काम तपासल्याखेरीज पुढचा हप्ता सुटत नसे.