राष्ट्रीय उद्यानांसाठी शासकीय अनुदान (भारत)

राष्ट्रीय उद्यानांतील जंगल, पाणी, माती, गवत आणि वन्यप्राणी यांच्या रक्षणासाठी केंद्र व राज्य शासनाकडून मिळणारा निधी. देशात शंभराहून अधिक राष्ट्रीय उद्याने आहेत. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम ३५ प्रमाणे उद्यान घोषित करण्याचा अधिकार राज्य शासनाचा. जमीन राज्याच्या ताब्यात असते आणि वनरक्षकापासून क्षेत्र संचालकापर्यंतचे सारे मनुष्यबळही राज्याचेच. आस्थापनेचा म्हणजे नियमित पगाराचा भार राज्य उचलते. रक्षणाच्या प्रत्यक्ष कामांसाठी मात्र केंद्राच्या पैशाची मोठी मदत लागते. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने वने आणि वन्यप्राणी हे विषय राज्य सूचीतून समवर्ती सूचीत आले. केंद्र व राज्य मिळून खर्च उचलतात अशा केंद्रपुरस्कृत योजनांच्या अनुदानाला घटनेच्या अनुच्छेद २८२ चा आधार आहे.

पूर्वेतिहास : या अनुदानाला आजचे वळण दिले ते व्याघ्र प्रकल्पाने. १ एप्रिल १९७३ रोजी कॉर्बेट येथे प्रकल्पाची सुरुवात झाली. पहिल्या नऊ क्षेत्रांत कॉर्बेट, कान्हा, मानस, रणथंभोर, बांदीपूर, पलामू, सिमलीपाल, सुंदरबन यांच्यासोबत महाराष्ट्रातील मेळघाट होते. कैलाश सांखला हे प्रकल्पाचे पहिले संचालक. एका प्राण्याच्या नावाने पैसा द्यायचा आणि त्याच्या निमित्ताने अख्खे जंगल राखायचे, ही त्यामागची भूमिका होती. वाघ टिकायचा तर सांबर-चितळ हवेत, त्यांना गवत हवे, गवताला पाणी धरून ठेवणारी माती हवी. हे गणित खरे ठरले, पण ज्या उद्यानांत वाघ नाही त्यांच्या वाट्याला पुढे कायमच कमी निधी आला.

२००४-०५ मध्ये राजस्थानातील सरिस्का येथे एकही वाघ उरला नसल्याचे उघड झाले आणि देश हादरला. त्यानंतर सुनीता नारायण यांच्या अध्यक्षतेखाली व्याघ्र कृती दल नेमण्यात आले. २००६ मध्ये वन्यजीव संरक्षण कायद्यात दुरुस्ती होऊन राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरण अस्तित्वात आले. प्रत्येक व्याघ्र प्रकल्पाला, म्हणजे प्रकल्पाखालील प्रत्येक क्षेत्राला, स्वतःचा व्याघ्र संवर्धन आराखडा असलाच पाहिजे, हे बंधन त्याच दुरुस्तीने घातले. अनुदानाची मागणी या आराखड्याशी जोडली गेली. नुसती यादी पाठवून पैसे मागण्याची सोय संपली, ही या दुरुस्तीची सर्वांत मोलाची देणगी म्हणावी लागेल.

सध्याची मुख्य योजना : वन्यजीव अधिवासांचा एकात्मिक विकास ही केंद्रपुरस्कृत योजना २००८-०९ पासून चालू आहे. राष्ट्रीय उद्याने व अभयारण्यांना मदत, संरक्षित क्षेत्राबाहेरील वन्यजीवांचे रक्षण आणि माळढोक, हंगुल, गिधाड, हिमबिबट्या यांसारख्या संकटग्रस्त जातींची पुनर्स्थापना ही तिची अंगे आहेत. व्याघ्र प्रकल्प आणि १९९२ पासूनचा हत्ती प्रकल्प हे २०२३-२४ पासून एकत्र करून याच छत्राखाली आणले आहेत. केंद्र-राज्यांतील करवाटप सुचवणाऱ्या पंधराव्या वित्त आयोगाच्या कालावधीसाठी योजनेला एकूण २,६०२.९८ कोटी रुपयांची तरतूद मंजूर झाली.

खर्चाची वाटणी सर्वसाधारण राज्यांत केंद्र ६० टक्के आणि राज्य ४० टक्के अशी असते. ईशान्येकडील व हिमालयीन राज्यांसाठी ती ९० आणि १० टक्के आहे. व्याघ्र प्रकल्पांत सर्वसाधारण राज्यांसाठी आवर्ती आणि अनावर्ती खर्चात आणखी फरक केला जातो. अनावर्ती म्हणजे एकदाच करायच्या कामाला (संरक्षण कुटी, वाहन, बिनतारी यंत्रणा) ६० टक्के, तर दरवर्षी लागणाऱ्या आवर्ती कामाला ५० टक्के केंद्राकडून मिळतात. आता जंगल राखण्याचे काम जवळजवळ सगळे आवर्तीच असते. गस्त रोज घालावी लागते, वणवा अडवणाऱ्या जाळरेषा दरवर्षी नव्याने काढाव्या लागतात, घाणेरीसारखे तण एकदा उपटून संपत नाही. त्यामुळे बांधकामाला केंद्राचा हात सैल आणि रोजच्या राखणीला आखडता, असा उलटा कल या सूत्रात राहून गेला आहे.

निधीचा प्रवास : दर आर्थिक वर्षासाठी क्षेत्र संचालक वार्षिक कार्य आराखडा तयार करतात. तो राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांमार्फत व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाकडे जातो. व्याघ्र प्रकल्पाबाहेरील उद्यानाचा प्रस्ताव थेट केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाकडे. तेथे छाननी होते, काही कामे कापली जातात, मंजुरी मिळते आणि रक्कम हप्त्याने सुटते. मागील निधीचे उपयोगिता प्रमाणपत्र (पैसा ठरल्या कामावर खर्च झाल्याचा दाखला) दिल्याशिवाय पुढचा हप्ता मिळत नाही. जुलै २०२१ पासून लागू झालेल्या पद्धतीत प्रत्येक योजनेसाठी राज्यात एकच नोडल यंत्रणा आणि एकच बँक खाते ठेवावे लागते. त्या पद्धतीत केंद्राचा हिस्सा एका वेळी वर्षाच्या तरतुदीच्या २५ टक्क्यांपर्यंतच सुटतो आणि आधी मिळालेल्यापैकी किमान ७५ टक्के खर्च झाल्यावरच पुढचा मागता येतो. राज्याला आपला हिस्साही ठरावीक मुदतीत त्याच खात्यात भरावा लागतो. पूर्वी केंद्राचा पैसा राज्याच्या तिजोरीत महिनोन्‌महिने अडकून पडे, त्यावर हा उतारा आहे.

तरीही कागदाचे वर्ष आणि जंगलाचे वर्ष यांचा मेळ बसत नाही. आर्थिक वर्ष एप्रिलमध्ये सुरू होते. तेव्हा वणव्याचा हंगाम ऐन भरात असतो, पाणवठे आटू लागलेले असतात आणि नवा आराखडा अजून मंजुरीच्या वाटेवर असतो. सर्वांत जास्त पैसा लागतो त्या एप्रिल-मे महिन्यांत हातात सर्वांत कमी असतो. मंजुरी येईतो पावसाळा लागतो, रस्ते बंद होतात. मग हिवाळ्यात कामांची घाई आणि ३१ मार्चपूर्वी खर्च टाकण्याची धडपड.

याचा अर्थ काय, ते जाळरेषेच्या कामात नीट दिसते. वणवा एका भागातून दुसऱ्या भागात जाऊ नये म्हणून वनात ठरावीक रुंदीचा पट्टा मोकळा ठेवतात, ती जाळरेषा. पावसाळा सरला की तिच्यावरचे गवत कापून सुकू देतात. पुढे वारा पडलेला असताना, दव पुरते वाळण्याआधी किंवा संध्याकाळी, माणसे दोन्ही कडांना हिरव्या फांद्या आणि पाणी घेऊन उभी राहतात आणि मधला पट्टा नियंत्रित जाळला जातो. महाराष्ट्रात आगीचा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून असा धरतात, म्हणून हे सारे फेब्रुवारीच्या मध्यापूर्वी उरकायला हवे. काम करणारे बहुतेक जवळच्या गावांतले रोजंदारी मजूर आणि हंगामी अग्निरक्षक असतात. त्यांची मजुरी जानेवारीऐवजी एप्रिलमध्ये आली, तर रेषा काढायची राहते किंवा मजूर उधारीवर राबतो. पुढच्या वर्षी तोच मजूर कामावर येईलच असे नाही. आणि आग लागली की खबर देणाराही तोच असतो, हे विसरून चालणार नाही. अनुदानाची रक्कम दुप्पट झाली तरी ती दोन महिने उशिरा आल्यास जळालेले जंगल भरून येत नाही.

याच निधीतून कृत्रिम पाणवठे, सौर पंप, कुरण विकास, तणांचे निर्मूलन, कॅमेरा ट्रॅप, गस्तीची नोंद ठेवणारी एम-स्ट्राइप्स प्रणाली, शिकारविरोधी पथके यांचा खर्च भागतो. विशेष व्याघ्र संरक्षण दलासाठी २००८ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात प्राधिकरणाला ५० कोटी रुपयांचे एकरकमी अनुदान दिले गेले. महाराष्ट्रात हे दल ताडोबा, पेंच, मेळघाट व नवेगाव-नागझिरा येथे आहे.

गावांचे पुनर्वसन : गाभा क्षेत्रातून, म्हणजे प्रकल्पाच्या मधल्या राखीव भागातून, स्वेच्छेने बाहेर पडणाऱ्या कुटुंबांना दिले जाणारे अर्थसाहाय्य हा अनुदानाचा सर्वांत नाजूक भाग. कुटुंबामागे पूर्वी १ लाख रुपये मिळत. २००८ पासून ही रक्कम १० लाख झाली आणि एप्रिल २०२१ पासून १५ लाख आहे. कुटुंबापुढे दोन पर्याय असतात : सर्व रक्कम रोख घेऊन स्वतः स्थलांतर करणे, किंवा त्याच रकमेतून वन विभागाकडून शेतजमीन, घर आणि सामुदायिक सोयी घेणे. अठरा वर्षांवरील मुलगा, लग्न झालेला असो वा नसो, वेगळे कुटुंब धरला जातो. म्हणून याद्या बनवताना गावात खरी घालमेल होते. वनहक्क कायदा, २००६ प्रमाणे आधी हक्कांची मान्यता आणि ग्रामसभेची संमती आवश्यक आहे. ती केवळ सहीपुरती घेतली गेली तर पुनर्वसनाला स्वेच्छेचे म्हणता येत नाही.

ताडोबातील नवेगाव व जामणी, तसेच मेळघाटातील बोरी, कोहा व कुंड ही गावे अशी बाहेर आली. मेळघाटात उठलेल्या गावठाणांवर आणि शेतांवर स्थानिक गवतांची कुरणे वाढवण्याचे काम झाले. शेत नुसते सोडून दिले तर त्यावर रानतण माजते. गवत निवडून, बी गोळा करून, काही वर्षे निंदणी केल्यावर चितळ-गवे तेथे चरू लागतात. पुनर्वसनाचे पैसे मोजून दिल्यावर या पुढच्या वर्षांसाठीही तरतूद ठेवावी लागते, आणि नेमकी तीच अनेकदा विसरली जाते.

स्थानिक उत्पन्न : वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ३८ एक्स नुसार प्रत्येक व्याघ्र प्रकल्पात व्याघ्र संवर्धन प्रतिष्ठान स्थापन केले जाते. प्रवेशशुल्काचा पैसा तिजोरीत न जाता प्रतिष्ठानाकडे राहतो आणि मंजुरीची वाट न पाहता वापरता येतो. ताडोबासारख्या पर्यटकप्रिय ठिकाणी याचा मोठा आधार होतो. मेळघाटसारख्या दुर्गम ठिकाणी फार कमी. गाभ्याभोवतीच्या बफर क्षेत्रातील गावांसाठी महाराष्ट्रात २०१५ पासून डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजना आहे. तिच्यातून स्वयंपाकाचा गॅस, शेतीला कुंपण, रोजगाराची साधने दिली जातात. सरपणासाठी जंगलात जाणे कमी झाले की झाडही वाचते आणि पहाटे एकटी जाणारी बाईही.

प्रतिपूरक वनीकरण निधी : वनजमीन इतर कामासाठी वळवताना वसूल होणारी ही रक्कम तांत्रिकदृष्ट्या अनुदान नव्हे, पण उद्यानांच्या कामांना ती मोठा हातभार लावते. वनरक्षणाविषयीच्या गोदावर्मन खटल्यातील सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांतून हा निधी उभा राहिला. २०१६ चा कायदा सप्टेंबर २०१८ मध्ये लागू झाला आणि ऑगस्ट २०१९ मध्ये २७ राज्यांना ४७ हजार कोटींहून अधिक रुपये वर्ग झाले. ९० टक्के रक्कम राज्याकडे आणि १० टक्के राष्ट्रीय निधीत राहते. संरक्षित क्षेत्रातील स्वेच्छा पुनर्वसनाला तो वापरता येतो. नियमित कर्मचाऱ्यांचे पगार आणि परदेश दौरे यांना मनाई आहे. उत्तराखंडाविषयी २०२५ मध्ये विधानसभेत मांडलेल्या महालेखापरीक्षकांच्या अहवालात १३.८६ कोटी रुपये आयफोन, लॅपटॉप, फ्रिज, इमारतींची दुरुस्ती अशा भलत्याच बाबींवर वळवल्याचे नोंदवले आहे. एका जंगलाच्या बदल्यात आलेला हा पैसा असल्याने असा खर्च अधिक बोचतो.

वित्त आयोग : तेराव्या वित्त आयोगाने वनांसाठी ५,००० कोटींचे अनुदान दिले होते. चौदाव्याने करवाटपाच्या सूत्रात वनाच्छादनाला ७.५ टक्के, तर पंधराव्याने वन व पर्यावरणाला १० टक्के भार दिला. हा पैसा राज्याच्या सर्वसाधारण महसुलात मिसळतो; तो वनांवरच खर्च करण्याचे बंधन नाही.

वाटप आणि मूल्यमापन : महाराष्ट्रातील सहा राष्ट्रीय उद्यानांपैकी ताडोबा, पेंच, नवेगाव, गुगामल आणि चांदोली ही पाच कोणत्या ना कोणत्या व्याघ्र प्रकल्पात मोडतात. बाहेर राहते ते फक्त संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, जिथे मुंबईच्या वस्तीला खेटून बिबटे राहतात आणि ज्याच्यातील तुळशी व विहार तलाव शहराला पाणी देतात. कलम ३८ एक्सचे प्रतिष्ठान व प्राधिकरणाकडून येणारा निधी त्याच्या वाट्याला येत नाही. व्याघ्र प्रकल्पांबाहेरच्या, गवताळ प्रदेश, खाजण, प्रवाळ असलेल्या देशातील इतर उद्यानांचीही हीच स्थिती आहे.

व्याघ्र प्रकल्पांच्या व्यवस्थापनाचे परिणामकारकता मूल्यमापन २००६ पासून सुमारे दर चार वर्षांनी होते. २०२२ च्या फेरीत ५१ प्रकल्प तपासले गेले आणि केरळातील पेरियार ९४.३८ टक्के गुण मिळवून पहिला आला. या तपासणीत निधी पुरेसा आहे का याबरोबर तो वेळेवर मिळतो का आणि अग्रक्रमाच्या कामांशी जोडलेला आहे का, हेही निकष असतात.